एए मीटिंगमध्ये कुणी शपथ घालत नाही

आमच्या घरात दारू सोडवण्याचे सगळे उपाय करून झाले होते. दादाने पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आळंदीला जाऊन तुळशीची माळ घातली, कुणीतरी सांगितलं म्हणून लांबच्या एका गावी औषध घ्यायलाही जाऊन आला. काही दिवस बरे जायचे आणि मग एक दिवस माळ देव्हाऱ्यात काढून ठेवलेली दिसायची, की वहिनीला न सांगता कळायचं आज काय होणार ते. आणि शपथ मोडली याची जी लाज त्याला वाटायची ना, ती विसरायला तो परत प्यायचा. हे चक्र मी जवळून बघितलंय, म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते, लोकलमध्ये आणि एसटी स्टँडवर 'न सांगता दारू सोडवा' अशी पत्रकं चिकटवलेली असतात, त्या पावडरींच्या नादी लागू नका प्लीज. दारू सोडवायचं जे खरं औषध असतं, डायसल्फिराम, ते पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी पडतं, जिवावरही बेतू शकतं, म्हणून डॉक्टर ते पेशंटला सांगितल्याशिवाय देत नाहीत. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्या घरी एकदम बंदही करायला लावू नका, फिट येऊ शकते, भ्रम होतो. दादाला आधी दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरातली दारू आम्ही काढू, पण पुढचं रोजचं जगणं आहे त्यासाठी एएला जा. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांसाठी चालवलेले गट.

पहिल्या दिवशी मी आणि वहिनी सोबत गेलो, कारण ती ओपन मीटिंग होती. क्लोज्ड मीटिंग असते ती फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय त्यांच्यासाठी. नगरपालिकेच्या शाळेचा वर्ग, संध्याकाळची वेळ, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता आणि लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेली मोठी माणसं. रिक्षावाले होते, बँकेतले होते, एक आजोबा होते, मागे कोपऱ्यात एक बाई होत्या. चहा आला तेव्हा त्या आजोबांनी सगळ्यांना कप भरून दिले आणि दादाला मात्र अर्धाच दिला. मला आधी वाईट वाटलं, नव्या माणसाला असं का. मग दादाचा हात बघितला. कप थरथरत होता पण अर्धाच असल्यामुळे एक थेंबही सांडला नाही, आणि आजोबा दुसरीकडे बघत होते. आमच्या कुणाच्या हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

मग एकेक जण उठून नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि फक्त स्वतःचं बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, 'बायकापोरांकडे बघ जरा' असं तर अजिबातच कुणी म्हणत नाही. दादा त्या दिवशी काहीच बोलला नाही आणि कुणी आग्रहही केला नाही. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत, शेवटी एक थैली फिरते त्यात मेंबर जमेल तेवढं टाकतात, बाहेरून देणगी घेत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आणि शपथ? कुणी घातली नाही! 'फक्त आजचा दिवस' एवढंच. ज्या माणसाने आयुष्यभरासाठी सोडतो म्हणून इतक्यांदा शब्द दिला आणि तो मोडला, त्याला कुणीतरी पहिल्यांदा झेपेल एवढंच मागत होतं.

आजोबांनी नंतर सांगितलं की हे सुरूच असं झालंय. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी बिल नावाचा एक शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामाला गेला होता, काम फिसकटलं, हॉटेलात एकटा, समोर बार. तो बारमध्ये गेला नाही, त्याने फोन लावून लावून आपल्यासारखाच एक पिणारा माणूस शोधला, डॉक्टर बॉब. बॉबला सुधारायला नाही, स्वतः पिऊ नये म्हणून. त्या बॉबने १० जूनला शेवटचा घोट घेतला, तोच एएचा स्थापना दिवस. मला हे ऐकून एकदम उलगडलं की आजोबा अजूनही दर मीटिंगला का येतात.

स्लिप, म्हणजे सोडल्यावर परत पिणं, दादाचीही झाली मध्ये. पण दुसऱ्या दिवशी तो लपून न बसता मीटिंगला गेला, तिथे सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्यांनी 'येत रहा' म्हटलं. माळ मोडली तेव्हा परत कुठे जायची सोयच नव्हती त्याला.

वहिनी आता अल-अॅनॉनला जाते, घरच्यांसाठी असतं ते. बाटल्या शोधणं, ऑफिसात खोटी कारणं सांगणं तिने सोडलंय आणि मला वाटतं तिच्या तब्येतीला त्याचाच जास्त फायदा झालाय.

ज्यांना शोधायचंय त्यांनी डॉक्टरांना विचारा किंवा १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, टोल फ्री. ऑनलाइन मीटिंगही असतात. ज्यांना राहून उपचार घ्यायचेत त्यांच्यासाठी पुण्याचं मुक्तांगण आहे, १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. ग्रुप मराठी आहे का हेही विचारून घ्या, दादाला आधी कुणी इंग्रजी मीटिंगचा पत्ता दिला होता, तिथे तो मनातलं बोललाच नसता. आणि एका ग्रुपमध्ये मन नाही रमलं तर दुसरा बघा, पण पहिल्या दिवशी सोबत जा, दारापर्यंत तरी.