आमची वाटचाल: लूपपासून लेव्हलपर्यंत

आमच्या कंपनीच्या नावात अजून 'साउंड' आहे, त्यामुळे आजही लोक दोन मिनिटांचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा संगीताचा तुकडा, मागायला येतात. आम्ही आता अख्खे गेम करतो, संगीतासकट. सुरुवातीची वर्षं सरळ गेली, कामं आली, बिलं निघाली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखा आहे तो एका मोठ्या स्टुडिओचा तलवारबाजीचा गेम. संगीत थरांचं होतं: तळाला ड्रोन (एकच लांब सूर), त्यावर ताल, शत्रू दिसला की ब्रास (पितळी वाद्यं). एफमॉड या गेमच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये थर बांधून झाले आणि जुनंच दुखणं वर आलं. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० बीट असताना, चार बीटचा बार दोन सेकंदांचा. बार नुकताच सुरू झालेला असताना शत्रू दिसला आणि खेळाडूने तलवार उपसली, तर ब्रास पुढच्या बारला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये जवळजवळ १२० फ्रेम उशिरा. तोवर शत्रू आडवा! बीटवर बदललं तर स्वरवाक्य मध्येच तुटतं, आणि क्रॉसफेडने (एक आवाज विरवत दुसरा चढवून) कितीही सारवलं तरी कान पकडतोच.

मी म्हणालो, वार करण्याआधीची शत्रूची हालचाल ३० फ्रेमची करा आणि ती बीटवरच सुरू होऊ द्या. ३० फ्रेम म्हणजे बरोबर एक बीट. उत्तर मिळालं, "तुम्ही संगीतवाले, संगीतापुरतं बघा."

पुढच्याच माइलस्टोनला (कामाच्या ठरलेल्या टप्प्याला) करार गुंडाळला, शेवटचा हप्ता अडकवला. गेम बाजारात आला तेव्हा त्यात शत्रू बीटवर वार करत होते. श्रेयनामावलीत मी 'अतिरिक्त संगीत'मध्ये, तळाशी. योगायोग असेल, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी तो गेम मेट्रोनोम (बीट मोजणारं यंत्र) लावून खेळावा.

त्या हप्त्यावर आमचे पगार होते. स्पीकर विकले, सिंथ विकले, माणसं गेली. आमचे प्रोग्रामर भागीदार तेवढे राहिले, पगार न घेता. त्या दिवसांत त्यांनी एक टूल लिहिलं. दिसायला भिकार: काळी खिडकी, बीटच्या हिरव्या रेघा, शत्रूच्या वाराचे लाल ठिपके. ठिपका रेघेवरून सरकला की खाली किती फ्रेम चुकला तो आकडा. आमचा पहिला गेम त्या खिडकीतून निघाला. आधी ठोकळ्यांची लेव्हल आणि नुसती टिकटिक, ब्रास सगळ्यात शेवटी.

ही वाट आम्ही शोधली असं नाही. १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चारच स्वर आहेत. शत्रू कमी होतात तसे ते जलद होतात आणि हात घामेजतात. ते संगीत की डिझाइन, सांगा! 'सीक्रेट ऑफ माना'चे संगीतकार हिरोकी किकुता यांनी १९९७मध्ये सॅकनॉथ ही कंपनी काढली, १९९९मध्ये 'कूडेल्का' दिग्दर्शित केला आणि मग स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडले. टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल' २०१५चा, संगीत आणि डिझाइन दोन्ही त्यांचं. आमच्या कामात धीर आणि धडकी एकाच यादीत मिळतात.

या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, कोणी विचारलेलं नाही तरी सांगतो. शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत फक्त वेव्ह फाइल द्या, सेशन (कामाची मूळ फाइल) आणि स्टेम (वाद्यांचे सुटे ट्रॅक) देऊ नका. व्हिडिओ बघून संगीत करू नका, बिल्ड (गेमची खेळता येणारी कच्ची आवृत्ती) मागा. बिल्ड देत नसतील तर दर वाढवा. आणि दिग्दर्शक झालात की स्वतःची आवडती धून आधी कापा, नाहीतर टीममधलं कोणी काही कापू देणार नाही.

नव्या गेमचं संगीत मी करत नाही. एक तरुण संगीतकार घेतली आहे, तिला पहिल्या दिवसापासून बिल्ड दिला. तिने टेम्पो ८०वर आणला. बीट ४५ फ्रेमची झाली आणि तयार झालेल्या प्रत्येक शत्रूचं ॲनिमेशन नव्याने करावं लागतंय. भागीदार चिडलेत, रोज तक्रार घेऊन येतात. मी तिच्या बाजूने आहे, आणि त्यांना ते ठाऊक आहे.