बँकॉकमध्ये आईचा चातुर्मास

"तिकडे सगळं व्हेज मिळतं हो," असं सहल ठरवून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. ते आठवलं की अजून डोकं फिरतं. विमान, हॉटेल, मेट्रो, सगळं सुरळीत. अडलं ते याओवारातला, म्हणजे तिथल्या चायनाटाऊनमध्ये.

दिवाळीची सुट्टी, म्हणजे आईचा चातुर्मास चालूच. कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूणही बंद. मी 'मांग्सावीरात' (शाकाहारी) हा शब्द घोकून गेले होते. गाडीवरच्या मावशी हसून मान डोलवायच्या, कढई तापायची आणि नूडल्सवर टचकन अंडं फुटायचं! त्या शब्दात अंडं चालतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या गाडीवर नुसत्या भाज्या आणि टोफू; मी खूश. तेवढ्यात वरून बाटलीतलं काहीतरी पडलं. नाम प्ला, माशांचा रस. तिथे तो मिठासारखा पडतो. दीड तास, पाच गाड्या. फसलेल्या ताटल्या मीच संपवल्या, मला सगळं चालतं. आई प्लास्टिकच्या स्टुलावर बसून घरचा दाण्याचा लाडू खात म्हणाली, "माझं झालंय गं, तू खा." त्याने तर जास्तच लागलं. जवळच पाहुरातला, गुरुद्वाराच्या आसपास, आपलं जेवण मिळालं असतं. पण बँकॉकला येऊन पराठा खायचा नाही, हा माझा हट्ट.

शेवटी एका कॉफीवालीने गल्लीच्या तोंडावरची पिवळी पाटी दाखवली. त्यावर लाल अक्षरं, चक्क इंग्रजी 17 सारखी दिसणारी. ते 'जे'. चिनी परंपरेतलं व्रताचं जेवण: मांस, मासे, अंडं, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही! बऱ्याचदा आपल्या नवरात्राच्या सुमारास त्यांचे याचे नऊ दिवस असतात, तेव्हा रस्ताभर पिवळे झेंडे लागतात. आम्ही उशिरा पोहोचलो.

त्या अक्षरांचा फोटो फोनमध्ये ठेवाच. बोलून भागत नाही, सूर चुकला की अर्थ बदलतो. 'माय साय खाय' म्हणजे अंडं घालू नका. आई म्हणे, "नको म्हणताना खाय कशाला?"

हो, आणि राजवाड्याबाहेर कुणी "आज बंद आहे" म्हणालं तर थेट दारापर्यंत जाऊन बघा. गुडघे झाकलेले हवेत. नदीवर नारिंगी झेंड्याची बोट घ्या, आम्हाला माणशी 16 बाट पडले.

त्या रात्री जेवण झाल्यावर आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात घेतला. आईने दोन घास खाल्ले. "नारळीभातच आहे. लवंग घालायची राहिली."