आमची वाटचाल : ‘करडई’ की ‘करडी’?

बार्शीत आमचे लाकडी घाण्यावर तेल काढण्याचे छोटेसे युनिट आहे. वडिलांचा अडतीचा व्यवसाय होता; त्याच गाळ्याच्या मागच्या बाजूला २०१७ साली मी दोन घाणे बसवले आणि करडई, शेंगदाणा, तीळ, जवस व खोबरे अशी पाच तेले काढू लागलो. करडई हे आमच्या सोलापूर जिल्ह्याचे जुने रब्बी पीक आहे. ज्वारीच्या रानाच्या कडेने करडईचे काटेरी पट्टे असले की जनावरे आत शिरत नाहीत, हे पाहत आमची पिढी वाढली, आणि त्या तेलात केलेल्या भाजीची चव आम्हाला आजही दुसऱ्या तेलात सापडत नाही. पहिली दोन वर्षे माल ओळखीपाळखीवर खपला. पुण्यामुंबईत स्थायिक झालेल्या आमच्या भागातील लोकांपर्यंत पोचावे म्हणून २०१९ मध्ये संकेतस्थळ काढले, आणि पुढची तीन-चार वर्षे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात गेली : आम्ही जे विकतो ते शोधताना लोक नेमके कोणते शब्द लिहितात?

सुरुवातीला हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. संकेतस्थळ पहिल्या पानावर आणून देण्याची हमी देणाऱ्या एका संस्थेकडे काम सोपवले. त्यांनी ‘खाद्यतेल’, ‘कुकिंग ऑइल’, ‘हेल्दी ऑइल’ असे मोठमोठे शब्द निवडले, प्रत्येक पानाच्या तळाशी तेच शब्द चाळीस-पन्नास वेळा बारीक अक्षरांत भरले आणि पानाच्या कोडमधील ‘मेटा कीवर्ड’च्या रकान्यात लांबलचक यादी घातली. वेब शोधाची क्रमवारी लावताना हा रकाना आपण विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले होते, आणि शब्दांची अशी भरताड गूगलच्या धोरणानुसार स्पॅम ठरते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. शिवाय ‘कुकिंग ऑइल’ असे लिहिणाऱ्याला बहुधा देशभर जाहिरात करणाऱ्या कंपनीचे, घरपोच मिळणारे रिफाइंड तेल हवे असते. त्या रांगेत बार्शीच्या दोन घाण्यांना जागा मिळाली असती, तरी तो ग्राहक आमचा नव्हता. वर्षभर आम्ही पैसे भरले आणि त्या वर्षात संकेतस्थळावरून आलेल्या ऑर्डरी हाताच्या बोटांवर मोजता आल्या.

ते काम थांबवल्यावर माझ्या पुतण्याने आमचे संकेतस्थळ गूगलच्या सर्च कन्सोलला जोडून दिले. ही सोय मोफत आहे. कोणत्या शब्दांच्या शोधात आपले पान दाखवले गेले, किती वेळा दाखवले गेले, त्यावर किती जणांनी क्लिक केले आणि आपले सरासरी स्थान कितवे होते, ही माहिती तिथे मागील १६ महिन्यांपर्यंतची मिळते. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध मात्र गोपनीयतेसाठी त्या यादीतून वगळलेले असतात, ही गोष्ट छोट्या व्यवसायाने लक्षात ठेवावी, कारण आपले बरेचसे ग्राहक नेमके त्या वगळलेल्यांत असू शकतात. पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा आम्ही दोघे रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो होतो. आमची पाने सर्वाधिक वेळा ‘लाकडी घाणा’ या शब्दांवर दाखवली जात होती, आणि त्याखालोखालचे शोध होते ‘लाकडी घाणा मशीन किंमत’, ‘लाकडी घाणा व्यवसाय’ आणि ‘तेल घाणा अनुदान’. म्हणजे संकेतस्थळावर येणाऱ्यांपैकी अनेकांना तेल नको होते, घाणाच विकत घ्यायचा होता. दुकानात रोज येणारे ‘मशीन कुठून घेतले?’ असे फोन आम्ही योगायोग समजत होतो. त्यांचे कारण आमच्याच मुखपृष्ठाच्या शीर्षकात होते.

शोधणाऱ्याच्या मनात काय आहे, याला या क्षेत्रात ‘सर्च इंटेंट’ म्हणतात. कोणाला माहिती हवी असते, कोणाला विकत घ्यायचे असते, कोणाला जवळचे ठिकाण हवे असते. आम्ही शीर्षकातील ‘लाकडी घाणा’ काढून ‘लाकडी घाण्याचे करडई व शेंगदाणा तेल, बार्शी’ असे केले. बदल एवढाच होता, परंतु पुढील काही महिन्यांत यंत्राची चौकशी करणारे फोन कमी झाले आणि तेलाचा भाव विचारणारे वाढले. घाणा घालू पाहणाऱ्यांसाठी आम्ही एक स्वतंत्र पान लिहिले, कारण ती आमच्यासारखीच माणसे आहेत आणि वीज, जागा, पेंडेची विक्री व परवाना यांविषयी त्यांना कोणी सरळ सांगत नाही.

पुढचा शोध संगणकातून लागला नाही, तो माझ्या पत्नीच्या वहीतून लागला. दुकानातील फोन ती घेते. मी तिला विनंती केली की ग्राहकाने विचारलेले वाक्य सुधारून न घेता जसेच्या तसे लिहून ठेवावे. तीन महिन्यांत वही भरली. ‘करडीचे तेल लिटरला काय भाव आहे?’ ‘तळताना तेलाला फेस का येतो?’ ‘बाटलीच्या तळाशी गाळ बसला आहे, तेल खराब झाले का?’ ‘थंडीत खोबरेल गोठले, भेसळ आहे का?’ आणि सर्वांत अधिक वेळा आलेला प्रश्न, ‘आमचे दाणे आणून दिले तर तेल काढून मिळेल का?’ आम्ही हे काम वर्षानुवर्षे मजुरीवर करत होतो, पण संकेतस्थळावर त्याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. आम्हाला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. एखादा शब्द किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या कोणत्याही साधनात हे वाक्य घातले तर त्यापुढे शून्य दिसते. तरीही आम्ही ‘तुमचे शेंगदाणे, करडई आणा, तेल काढून न्या’ असे पान केले. किलोमागे मजुरी किती, किमान किती माल लागतो, पेंड कोणाची आणि वेळ किती लागेल, हे सारे त्यावर स्पष्ट लिहिले. माढा, परांडा, भूम, वैराग अशा गावांतून येणारे शेतकरी आज याच पानावरून फोन करतात.

कोणते शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधले जातात हे दाखवणारे गूगलचे कीवर्ड प्लॅनरही आम्ही वापरले, परंतु ते वाचायला शिकावे लागले. ते मुळात जाहिरातदारांसाठी आहे. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला त्यात शोधांचे नेमके आकडे न दिसता ‘१० ते १००’, ‘१०० ते १ हजार’ असे ढोबळ पट्टे दिसतात. त्यातील ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांमधील स्पर्धा दाखवतो. विनामूल्य निकालांत वर येणे किती अवघड आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. आम्ही वर्षभर तो चुकीचा वाचत होतो आणि ‘स्पर्धा कमी’ दिसलेल्या शब्दांमागे धावत होतो.

मराठी ग्राहकाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एकच वस्तू लोक चार-पाच प्रकारांनी लिहितात. ‘करडई’ हे पुस्तकातील रूप आहे, पण आमच्याकडे बोलताना बहुतेक जण ‘करडी’ म्हणतात. पुण्यातील तरुण ग्राहक ‘सॅफ्लॉवर ऑइल’ लिहितो, कोणी ‘करडई तेल’ हेच शब्द रोमन लिपीत टाइप करतो आणि त्यातही प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे असते. जवसाला कोणी अळशी म्हणते. ‘लाकडी घाणा’, ‘कच्ची घाणी’ आणि ‘कोल्ड प्रेस्ड’ हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात, जरी कोल्ड प्रेस्ड म्हणून विकले जाणारे सर्वच तेल लाकडी घाण्यावर काढलेले नसते. सुरुवातीला प्रत्येक रूपासाठी वेगळे पान करण्याची चूक आम्ही केली. करडईच्या तेलाची तीन पाने झाली, तीनही एकमेकांच्या आड येऊ लागली आणि एकही वर येईना. शेवटी दोन पाने काढून त्यांचे पत्ते तिसऱ्याकडे कायमचे वळवले आणि त्या एका पानावर सगळी नावे ओघात, माणसाशी बोलावे तशी लिहिली : ‘करडई, म्हणजे आमच्या भागातली करडी, जिला इंग्रजीत सॅफ्लॉवर म्हणतात’. हे वाक्य वाचून सातारच्या एका आजींनी फोन केला होता. नातवाने पाठवलेली बाटली ‘सॅफ्लॉवर’ची, म्हणून त्यांनी ती आठवडाभर उघडलीच नव्हती.

‘करडई तेलाचे फायदे’ हा शोध मात्र आम्ही जाणूनबुजून सोडला. त्यावर लोक भरपूर येतात, हे आम्हाला दिसत होते, आणि तशा पानांवर कोलेस्टेरॉल, सांधेदुखी, मधुमेह यांवरील खात्रीशीर इलाज असल्यासारखे लिहिलेले असते. अन्नपदार्थ रोग बरा करतो, असा दावा जाहिरातीत करायला २०१८ च्या अन्न सुरक्षा व मानके (जाहिरात व दावे) विनियमांनुसार मनाई आहे. परंतु नियम नसता तरी मी ते लिहिले नसते. वडिलांनी अडतीत कधी खोटे वजन केले नाही. त्यांच्या गाळ्यातून निघणाऱ्या बाटलीविषयी मला जे सिद्ध करता येत नाही, ते मी छापणार नाही. त्याऐवजी गाळ का बसतो, फेस का येतो आणि खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली का गोठते, या प्रश्नांची उत्तरे दिली. त्या पानांवर येणारे थोडे आहेत, पण तेल घेणारे त्यांच्यातूनच निघतात.

हंगामाचा अंदाज गूगल ट्रेंड्सवरून येतो. तिथे शोधांची खरी संख्या मिळत नाही, ० ते १०० असा सापेक्ष आलेख मिळतो. पण शब्दांना मागणी कधी चढते हे त्यातून कळते. संक्रांतीच्या सुमारास तिळाचे तेल, उन्हाळ्यात लोणच्यासाठीचे तेल, दिवाळीच्या आधी अभ्यंगाचे तेल. नवे पान गूगलच्या नजरेत येऊन स्थिरावायला आमच्या अनुभवात काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून लोणच्याच्या तेलाचे पान आता आम्ही फेब्रुवारीतच तयार करतो, जेव्हा करडईची काढणीही सुरू असते आणि नव्या मालाची छायाचित्रे मिळतात.

आज आमच्या विक्रीचा साधारण तिसरा हिस्सा संकेतस्थळावरून येतो. गेल्या हिवाळ्यात वहीत एक नवा शब्द सारखा दिसू लागला, ‘कुसुबे’. विजापूर आणि कलबुर्गीकडचे ग्राहक करडईला कन्नडमध्ये कुसुबे म्हणतात. आमच्या वहिनींचे माहेर विजापूरचे असल्यामुळे करडईचे पान कन्नडमध्ये लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले आहे, आणि माहेरच्या बायका तेल मागताना नेमके काय म्हणतात, हे विचारण्यासाठी सध्या त्यांचे फोन चालू आहेत.