मामाच्या दुकानात लिनक्स घातलं त्याची गोष्ट

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद होणार हे कॉम्प्युटरच्या वेडात असलेल्यांना कितीतरी आधीपासून माहीत होतं, बाकीच्यांना स्क्रीनभर नोटीस आल्यावर कळलं. माझ्या मामाला तसंच कळलं. मामाचं बेळगावच्या शहापुरात डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांच्या पावत्या, सोसायट्यांचे अहवाल, मराठी आणि कन्नड दोन्ही. दिवाळीच्या आठवडाभर आधी फोन आला, "अरे ते मशीन कायतरी म्हणालंय बघ, म्हातारं झालोय म्हणालंय."

चार मशीन. त्यातली दोन २०१६ ची, सहाव्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे ही दोन्ही तिथंच बाद. एक वर्ष जादा सिक्युरिटी अपडेट मिळायची सोय होती पण तो रस्ता लायसन्सवाल्यांचा, आणि मामाकडं विंडोज कुणी घातलं होतं ते विचारू नका, बेळगावात निम्म्या दुकानांत तसंच आहे. कॉम्प्युटरवाल्यानं चारही मशीन नवीन घ्या म्हणून दीड लाखाचं कोटेशन हातात ठेवलेलं. मामा म्हणाला, दीड लाखाच्या पत्रिका छापायला किती लग्नं लागतात माहीत आहे काय तुला.

मी पेशानं कॉम्प्युटरवाला नाही, उद्यमबागेत एका कारखान्यात परचेस बघतो. पण कॉलेजात असताना २००६ ला उबुंटूची (विंडोजऐवजी घालता येणारी लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम आहे, तिचा हा एक प्रकार) सीडी पोस्टानं फुकट मागवली होती, त्या काळी ते लोक खरंच जगभर सीडी फुकट पाठवायचे, पोस्टमननं सही घेतली तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं अमेरिकेतनं कायतरी आलंय. तेव्हापासून हे वेड. घरी, भावाकडं, शेजारच्या पोराच्या लॅपटॉपवर, जिथं जुनं मशीन दिसेल तिथं मी लिनक्स घालत आलोय. पण धंद्याच्या मशीनवर कधी घातलं नव्हतं. घरचं बिघडलं तर घरचे बोलतात, दुकानचं बिघडलं तर गिऱ्हाईक पत्रिका घ्यायला दारात उभं असतंय.

मुहूर्त काढला १ नोव्हेंबरचा. त्या दिवशी गावात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं मराठी लोकांच्या काळ्या दिनाची फेरी, दुकान बंदच ठेवायचं असतं. शटर अर्धं ओढून आत आम्ही तिघं, मी, मामा आणि दुकानातल्या ऑपरेटर ताई. ताई तिथं वीस वर्षं आहेत, दुकान खरं त्याच चालवतात, मामा फक्त गल्ल्यावर बसतो (हे मामा वाचणार नाही म्हणून लिहितोय).

आदल्या रात्री लिनक्स मिंट २२ ची (हा पण लिनक्सचाच एक प्रकार) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती उतरवून घेतली होती आणि चेकसम, म्हणजे फाइल मूळ होती तशीच आलीय का ते कळायचा आकडा, जुळवून बघितला होता. तो बघाच, कंटाळा करू नका. २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटचीच वेबसाइट हॅक होऊन तिथं चोरवाट घातलेली फाइल ठेवली गेली होती, म्हणजे लिनक्स आहे म्हणून सगळं सोवळं असं काही नसतं. सगळा डेटा दोन वेगवेगळ्या डिस्कवर काढला, जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी लावल्या, रॅमला मात्र हात लावला नाही. पेनड्राइव्ह लावला, एफ १२ दाबलं, वीस-पंचवीस मिनिटांत एक मशीन तयार. इन्स्टॉलर भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो, मग नकाशा दाखवून टाइमझोन विचारतो, तिथं कोलकाता म्हटलं की झालं. राज्य कुठलं ते विचारत नाही, आमच्या भागात एवढा एकच फॉर्म असा असेल.

दुसऱ्या मशीनचा वायफाय डोंगल स्वस्तातला, तो लिनक्सनं ओळखलाच नाही. त्याच्या ड्रायव्हरसाठी इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर पाहिजे. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलनं जोडायचा आणि टेदरिंग चालू करायचं, लगेच नेट येतंय, हा एक उपाय लक्षात ठेवला तरी माझं लिहिणं वसूल.

दुपारी जेवून आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. ताईंनी २००९ मधली एक पत्रिका उघडायला सांगितली, त्याच घरातल्या धाकट्याचं लग्न होतं आणि मजकूर तोच ठेवून नावं बदलायची होती. उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि डॉलरची खिचडी. मामा मागून म्हणाला, "बुडवलास की रे."

यात लिनक्सचा काही दोष नव्हता पण त्या क्षणी ते सांगून उपयोग नसतो. गोष्ट अशी की युनिकोड (प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जगभरची पद्धत) रुळायच्या आधी आपल्याकडं डीटीपीचे जे फॉन्ट होते त्यात फाइलमध्ये मराठी नसतंच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी मराठी चित्रं दाखवतो. फॉन्ट गेला की मराठी गेलं. वीस वर्षांचं काम, हजारो पत्रिका, देवस्थानांचे अहवाल, शाळांची स्मरणिका, सगळं अशा सोंगात पडलेलं, आणि ते सोंग एका फॉन्टवर आणि तो फॉन्ट एका जुन्या सॉफ्टवेअरच्या डोंगलवर (मशीनला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणारी किल्ली) टांगलेला. लिनक्स घातलं म्हणून हे उघडं पडलं एवढंच, उद्या तो डोंगल मेला असता तर विंडोजवर पण हेच झालं असतं.

मग पुढचे पंधरा दिवस रोज रात्री जेवण झालं की पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत कन्व्हर्टर, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, लिहीत बसलो. वाटलं होतं सोपं आहे, एक तक्ता करायचा, या चिन्हाऐवजी हे अक्षर, संपलं. पहिल्याच फटक्यात 'मुहूर्त'चं 'मुहूतर्' झालं आणि 'कार्यक्रम'चं 'कायर्क्रम'. सरकारी पीडीएफमधून मजकूर कॉपी करणाऱ्यांना ही भाषा चांगली ओळखीची असेल. कारण असं की जुन्या फॉन्टमध्ये जे जसं डोळ्याला दिसतं त्या क्रमानं टाइप होतं, रफार अक्षराच्या डोक्यावर म्हणून नंतर, ऱ्हस्व वेलांटी डावीकडं म्हणून आधी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणजे रफाराचा र आधी आणि वेलांटी अक्षरानंतर. तेव्हा वेलांटी उचलून पुढं न्यायची, पण किती पुढं? 'चिरंजीव'मध्ये एक अक्षर, 'स्थिती'मध्ये अख्खं जोडाक्षर ओलांडून. आणि रफार मागं न्यायचा, तोही काना-मात्रा मध्ये असेल तर त्याच्या पण मागं, 'आशीर्वाद'नं मला दोन रात्री खाल्ल्या. त्यात ख, ण, श यांसारखी अक्षरं त्या फॉन्टमध्ये अर्धं अक्षर अधिक काना अशी जोडून केलेली, म्हणजे सरळ बदललं की 'खण'च्या जागी पाय मोडलेला ख आणि लोंबता काना.

ताईंचा खरा उपयोग इथं झाला. मी प्रिंट काढून द्यायचो, त्या लाल पेनानं गोल करायच्या. त्यांनी एक गोष्ट पकडली जी मला महिनाभर दिसली नसती. 'दुसऱ्या'मधला र आणि 'सूर्या'मधला र वेगळा, माझी स्क्रिप्ट दोन्हीला एकच करत होती आणि 'दुसर्या' असं छापत होती. त्यासाठी युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला ऱ वेगळा आहे, मराठीला लागतो म्हणूनच तो मी वापरला. ताई म्हणाल्या, "दुसऱ्या मुलीचं लग्न असं छापून 'दुसर्या' गेलं असतं तर पोरीच्या बापानं पैसे दिले असते काय?" ल आणि शचं पण तसंच, लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखंच फुकटचं सॉफ्टवेअर) मजकुराची भाषा हिंदी राहिली तर काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल येतो, भाषा मराठी केली की आपला ल येतो. इतकी बारीक सोय फुकटच्या फॉन्टमध्ये कुणीतरी करून ठेवलीय, आणि आपल्याकडं किती जणांना माहीत आहे?

टाइपिंगचं मात्र मला जे टेन्शन होतं ते फुकट गेलं. ताईंचा हात मराठीला टाइपरायटरचा, कन्नडला नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा. आयबसमध्ये, म्हणजे लिनक्सवर वेगवेगळ्या भाषांचे कीबोर्ड निवडायच्या सोयीत, मराठीसाठी रेमिंग्टन होतं, कन्नडसाठी केजीपी म्हणून लेआउट आहे तो नुडीवाल्यांच्या हाताचा, दोन्ही घालून दिले, तासाभरात त्या बोलत बोलत टाइप करत होत्या. मी स्वतः इन्स्क्रिप्टवाला. आमच्यासारख्या दोन भाषांच्या गावाला इन्स्क्रिप्टसारखी सोय नाही, कारण ज्या बटणावर मराठीचा क त्याच बटणावर कन्नडचा क, एकदा हात बसला की भाषा बदलायची आणि तीच बोटं चालवायची. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं २००४ ला सुप्रीम कोर्टात घातला तो अजून तिथंच आहे, कीबोर्डवर मात्र दोन्ही कधीचेच एका घरात राहतात. असो.

प्रिंटरनं मात्र हात टेकायला लावले. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसतो तो छोटा लेझर प्रिंटर, कंपनीचं नाव घेत नाही. त्यात स्वतःचं डोकं नसतं, पानाचं सगळं गणित कॉम्प्युटरनं करून द्यायचं आणि ते गणित कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरमध्येच. तीन रविवार घालवले. एकदा छापलं, दुसऱ्यांदा निम्मं पान काढून गप्प. गंमत म्हणजे ही सगळी खुल्या सॉफ्टवेअरची चळवळ प्रिंटरवरूनच सुरू झालेली. अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरला लेझर प्रिंटरचा कागद अडकला की कळवणारी सोय करायची होती, प्रोग्रामचा कोड मागितला तर मिळाला नाही, ती चीड मनात राहिली आणि १९८३ ला त्यानं ग्नू ही सगळ्यांना खुली सिस्टिम जाहीर केली, मग १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आलं, तेच लिनक्स. चाळीस वर्षं झाली, जग लिनक्सवर चालतंय, आणि शहापुरात मी अजून प्रिंटरपुढंच बसलोय. शेवटी मामाला सांगितलं, पीडीएफ करायची, सामायिक फोल्डरमध्ये टाकायची, विंडोजच्या मशीनवरनं छापायची. तो म्हणाला, "होतंय नव्हं? मग झालं की."

हो, विंडोजचं मशीन आहे. दोन आहेत. कोरलड्रॉ आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर सरळ चालत नाही आणि इंकस्केप हे चित्रं-डिझाइनचं फुकटचं सॉफ्टवेअर कोरलच्या फाइल उघडतं पण मजकूर इकडंतिकडं सरकतो, गिऱ्हाईकाच्या फाइलवर तो खेळ नको. कोरलवाल्या मशीनचं इंटरनेट काढून टाकलं. काही लिनक्सवाले याला तडजोड म्हणतील, त्यांनी लग्नसराईत दुकानात येऊन बसावं.

मला कुणी विचारलं की एवढा आटापिटा कशाला, तर पैसे वाचले हे आहेच, पण खरं कारण ती खिचडी झालेली फाइल आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या निर्बंधांमुळं नायरा एनर्जीची मायक्रोसॉफ्टची सेवा बंद पडली, कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली तेव्हा कुठं सुरू झाली. रिफायनरीवाली कंपनी ती, वकील लावू शकली. मामाचा डोंगल बंद पडला तर तो कुठल्या कोर्टात जाणार? आता त्या पत्रिका साध्या युनिकोडमध्ये आहेत, कशातही उघडतात, मोबाइलवर पण. आणि उगाच छाती काढून फिरत नाही मी, मार्च २०२४ मध्ये लिनक्सवर फाइल दाबून लहान करायला वापरतात त्या एक्सझेडमध्ये कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून विश्वास मिळवून चोरवाट घातली होतीच, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाला लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागतोय म्हणून शंका आली नसती तर ती बऱ्याच ठिकाणी पोचली असती. तो माणूस नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, हे पण सांगितलं पाहिजे. पण कोड उघडा होता म्हणून त्याला खणत जाता आलं.

परवा हुक्केरीकडचा एक माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला, शाळेच्या कार्यक्रमाचा कन्नड मजकूर, जुन्या फॉन्टमधला. तीन दुकानं फिरून आलेला, "इदु ओपन आगवल्दु री" (हे उघडतच नाही हो) म्हणत होता. ताईंनी मला फोन केला, तुमचं ते कन्व्हर्टर कन्नडला चालतंय काय म्हणून. चालत नाही, कन्नडचा तक्ता वेगळा करावा लागेल. मी तसं सांगितलं, तर मागून मामाचा आवाज, "त्याला सांगितलंय रविवारी या म्हणून. तू शनिवारी रात्रीच ये, मामीनं जेवायला बोलावलंय."