घराला स्वेटर घातलं आणि नाकच दाबलं

सध्या तीन आठवडे साताऱ्यात आहे. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरावर अप्पांनी एक खोली काढायला घेतलीये आणि मी आल्यापासून रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न, "आमचा गवंडी दीड महिन्यात खोली देतोय, तुला तिकडं एक खोली वाढवायला अकरा महिने लागले, मग तुम्ही नक्की करत काय होता रे?" हाच प्रश्न कराडच्या सासऱ्यांनीपण विचारून झालाय, म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

तर आमचं घर इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला. १९३० च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्यात आणि आमच्यात सामायिक. त्या काळातल्या बऱ्याच घरांना बाहेर विटांची एक भिंत, आत दुसरी आणि मध्ये दोनेक इंचाची पोकळी. आतली जमीन फरशीची नाही, लाकडी फळ्यांची, तिच्याखाली रिकामी जागा, आणि तिथं वारा खेळावा म्हणून बाहेरच्या भिंतीत अगदी खाली भोकाभोकांच्या विटा बसवलेल्या. ह्या विटा लक्षात ठेवा.

असल्या घराला मागच्या बाजूनं तीन मीटरपर्यंत एकमजली वाढवायचं तर तिकडं बहुतेक वेळा प्लॅनिंगची वेगळी परवानगी लागत नाही. मी खूश. मग कळलं की बिल्डिंग रेग्युलेशन्स हे प्रकरणच निराळं आहे, तिथला इन्स्पेक्टर घर दिसतं कसं ते विचारत नाही, तो भिंतीच्या पोटात काय घातलं ते बघतो, आणि ते झाकायच्या आधी बघतो, म्हणजे त्याची वेळ मिळेपर्यंत तुम्ही गिलावासुद्धा करायचा नाही. अकरा महिन्यांतले दोन तर असेच गेले.

सगळा खेळ यू-व्हॅल्यूचा. आत आणि बाहेर एक अंशाचा फरक असला तर एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता निसटते, तो हा आकडा. जितका कमी तितकी भिंत चांगली. इंग्लंडात २०२२ च्या जूनपासून वाढीव बांधकामाला भिंत ०.१८, जमीन ०.१८, छप्पर ०.१५ आणि खिडकी १.४ असा हिशेब आहे. आमच्या जुन्या पोकळ भिंतीचा आकडा दीडच्या आसपास. म्हणजे बाहेर शून्य आणि आत वीस अंश असताना जुन्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून तीस वॅट जाणार आणि नव्या भिंतीतून साडेतीन-चार. त्यासाठी नव्या भिंतीत १५० मिलिमीटरची पोकळी ठेवून ती सगळी मिनरल वूलनं, म्हणजे दगड-काचेच्या तंतूंच्या लोकरीनं, ठासून भरली, जमिनीखाली काँक्रीटच्या आधी फोमचे जाड बोर्ड, छपरात तर विचारूच नका, वाकळेवर वाकळ घालावी तसे थर.

बायकोला मागची अख्खी भिंत काचेची हवी होती. तिथंपण नियम आडवा आला. वाढीव जागेच्या क्षेत्रफळाच्या २५ टक्के, अधिक जी जुनी दारं-खिडक्या नव्या बांधकामामुळं झाकली जाणार त्यांचं क्षेत्रफळ, एवढीच काच सरळ सरळ चालते. आमची जागा अठरा चौरस मीटर, म्हणजे साडेचार, जुनं दार आणि खिडकी मिळून साडेतीन, एकूण आठ. बायकोचं दारच साडेआठचं, वर छपरातली काच वेगळी. जास्त काच लावता येते, पण मग दुसरीकडं तेवढी उष्णता वाचवल्याचं गणित करून दाखवा. शेवटी छपरातली काच गेली आणि दार थोडं आखडलं. त्यावरून चार दिवस आमच्या घरात जो अबोला होता त्याची यू-व्हॅल्यू कोणी मोजली नाही.

आता त्या भोकाच्या विटा. नव्या खोलीची जमीन काँक्रीटची, ती जुन्या भिंतीला जाऊन भिडणार, म्हणजे मागच्या विटा बंद. मग जुन्या फळ्यांखाली वारा कुठनं येणार? त्यासाठी काँक्रीटखालून पाइप टाकून त्या विटांचं तोंड नव्या बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यायचं असतं. आमच्या बिल्डरनं दोन पाइप टाकले आणि तिसरी वीट सरळ मातीत गाडली. इन्स्पेक्टर आला, गुडघ्यावर बसला, बॅटरी मारली, आणि एवढंच म्हणाला की जुन्या भिंतीत तीन दिसतायत, नव्यात दोनच कशा? काँक्रीटची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. त्या संध्याकाळी बिल्डरची दोन माणसं आणि मी, पावसात, खोरं घेऊन. पण तो माणूस बसून बघत नसता तर पाच-दहा वर्षांत जुन्या खोलीतल्या फळ्या खालून कुजल्या असत्या आणि आम्हाला वास आल्याशिवाय कळलंही नसतं.

एवढं सगळं करून पहिल्या हिवाळ्यात नवी खोली एकदम उबदार. आणि पुढच्या जुन्या बेडरूममध्ये, जिथं आम्ही हातसुद्धा लावला नव्हता, कपाटामागं काळी बुरशी! हा भाग खरं तर मला जास्त सांगायचाय.

झालं असं की आई नातवासाठी नोव्हेंबरमध्ये आली होती. तिकडं नव्या खिडक्यांच्या वरच्या चौकटीत एक बारीक फट ठेवलेली असते, झडप असलेली, ट्रिकल व्हेंट म्हणतात. आईला तिथनं गार वारा लागला. तिनं गपचूप सगळ्या झडपा लावल्या आणि वर चिकटपट्टी मारली, तीपण व्यवस्थित, कोपरे दाबून. त्यात रोज दोन वेळा कुकर, डाळ उकळतीये, बाहेर पाऊस म्हणून कपडे रेडिएटरवर वाळतायत, आणि आमची चिमणी बाहेर हवा टाकणारी नव्हतीच, नुसती गाळून परत स्वयंपाकघरात सोडणारी.

अप्पांना फोनवर सांगत होतो की वीस अंशाच्या एक घनमीटर हवेत सतरा ग्रॅमपर्यंत पाण्याची वाफ मावते आणि दहा अंशाला नऊच, तर ते मध्येच म्हणाले, "मंजी माठातलं पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरनं घाम येतो, त्यातलंच ना हे?" अगदी त्यातलंच. घरभर फिरणारी वाफ सगळ्यात गार जागा शोधते. आधी सगळंच घर सारखं गार आणि फटीफटीतनं वारा, त्यामुळं ओल टिकत नव्हती. आता मागची बाजू गरम, दारं-खिडक्या घट्ट, आणि गार कोपरा उरला एकच, उत्तरेची ती जुनी भिंत, तीपण कपाटानं झाकलेली. बुरशीला तर पाणी गळावंही लागत नाही, भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांवर काही दिवस राहिली की तिचं भागतं. आणि नियम असा की एवढ्याशा वाढीव बांधकामासाठी जुन्या घराच्या भिंती सुधारायची सक्ती नाही. हे मला पटत नाही, निदान कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.

हसण्यावारी न्यायची गोष्टपण नाही. २०२० मध्ये रॉचडेलला भाड्याच्या फ्लॅटमधल्या बुरशीमुळं दोन वर्षांचं एक मूल गेलं, आणि त्यावरून तिकडं घरमालक संस्थांसाठी कायदा झाला.

आम्ही काय केलं? चिकटपट्टी काढली (आई दोन दिवस नाराज), चिमणीचा पाइप भिंतीतून बाहेर काढला, बाथरूमचा फॅन बदलला, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं. एक छोटं आर्द्रतेचं मीटर टेबलावर ठेवलंय, पंचाहत्तरचं पंचावन्नवर आलं. जुन्या भिंती अजून व्हायच्यात, त्याला पैसे जमवतोय.

आणि इकडं साताऱ्यात तेच नाटक, फक्त उलटं. खालची जुनी खोली दोन फुटी मातीच्या भिंतींची. लोणा लागतो म्हणून अप्पांनी १९९८ साली छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला. माती ओल घेते तशी सोडतेपण, सिमेंटनं ती वाट बंद केली, मग ओल गिलाव्याच्या वर चढली आणि आता पोपडे थेट देवाच्या कोनाड्याजवळ सुटतायत. मी म्हटलं ते सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करा. गवंडी म्हणाला, "दादा, चुन्यात काम करणारा आता गावतोय कुठं?"

वरच्या खोलीवर मात्र भांडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. त्यांना स्लॅबच्या खालून थर्माकोल लावून पीओपी करायचं होतं. पण आपल्याकडं ऊन वरून स्लॅबवर पडतं, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री पंख्याखाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर ते सगळं ओततो. थर घालायचा तर स्लॅबच्या वरून, त्यावर कोबा आणि पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. आपल्याकडंही २०१८ पासून इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, आहे, तिच्यात छपराची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत पाहिजे, नुसत्या स्लॅबची त्याच्या तिप्पट भरते. ती मोठ्या प्लॉटसाठी आहे, आमच्या पेठेतल्या तीन गुंठ्याला कोण विचारतंय, पण गवंड्याला आकडा दाखवला की तो जरा ऐकतो.

काल संध्याकाळी पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीत छताजवळ एकेक झरोका सोडायला लावला. अप्पा बराच वेळ वर बघत उभे होते. मग म्हणाले, "चिमण्या घरटी करतील." आई खालनं ओरडली, "करू देत की, जाळी नका लावू." मी म्हटलं आई, ह्याला तरी चिकटपट्टी मारू नकोस.