वाढण्याचे साडेबारा टक्के

जेवणाचं राहू द्या, आधी त्या साडेबारा टक्क्यांचं बोलून मोकळा होतो.

यावलचे मामा-मामी लंडनला आलेत. म्हटलं, एकदा तरी त्यांना मेफेअरमधल्या भारी हॉटेलात नेऊ. दारात कोट काढून घ्यायला माणूस, वर झुंबरं, टेबलावर इतके काटे-चमचे की मामींनी हात मांडीवरच ठेवले. बुकिंग करतानाच कार्डाचा नंबर द्यावा लागला होता. आला नाहीत तर माणशी दंड. टेबलही दोनच तासांपुरतं. मामांना यातलं काही सांगितलं नाही, नाहीतर ते घरातून निघालेच नसते.

बिल आलं आणि मामांनी चष्मा लावला. केळीच्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठीत कटती शोधायची जन्माची सवय.

“हे सर्व्हिस चार्ज काय रे भो?”

“वाढल्याचे पैसे, मामा.”

“मग वरचे कशाचे?”

काय सांगणार? इथल्या बऱ्याच हॉटेलांत 12.5 टक्के बिलातच जोडून येतात. म्हणायला ऐच्छिक, काढून टाका म्हटलं तर काढतात. पण त्या झुंबराखाली बसून ते म्हणणार कोण? मी नाही म्हणत. पाहुण्यांदेखत बिलावरून वाद घालणं आपल्यातही शोभत नाही.

आपल्याकडे बरं आहे, मी मामांना ऐकवलं. 2022 मध्येच ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मामा खूश. पण वाढणाऱ्या पोराची बाजूही सांगायलाच हवी. इथे 1 ऑक्टोबर 2024 पासून कायदा आहे: टिप असो की सर्व्हिस चार्ज, कर सोडला तर सगळा कामगारांचा, मालकाने एक पेनी ठेवायची नाही. भुसावळ-फैजपूरकडच्या ढाब्यांवर मी आयुष्यभर शेवभाजी हाणली. बडीशेपेच्या ताटलीतली नोट पोऱ्याच्या खिशात जाते की गल्ल्यात, कधी विचारलं नाही. अर्थात तो पोऱ्या रस्सा संपायच्या आत परत यायचा आणि न विचारता वाटी भरायचा. त्याची ओळ बिलात कधी दिसली नाही.

आणि वाढण्याचे पैसे आपल्याला झोंबणारच. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते तेव्हा बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायची, वर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पुऱ्या. वाढायला भाऊबंदच, आणि वाढणारा सगळ्यांत शेवटी जेवतो. कोणी कोणाला काही देत नाही. (काड्या गोळा करणाऱ्या गड्याची मजुरी मामा देतात. ते वेगळं.)

एक मात्र मानलं. मामींनी साधं पाणी मागितलं, तर वेटरने चेहरा न पाडता चांदीसारख्या जगमधून ओतलं आणि ग्लास रिकामा होऊ दिला नाही. इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या हॉटेलने नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यायचं, असा नियमच आहे. मुंबईतल्या तसल्या हॉटेलांत “बिसलरी की रेग्युलर” विचारताना वेटर कसा बघतो, ते आठवा.

वांग्याचाही एक पदार्थ होता. मोठ्या ताटलीत तीन चमचे, वर डाळिंबाचे दाणे. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे, हे वेटरला सांगायचं फार मनात होतं. मामांनी चव घेतली. “भाजलंय बरं. ठेचलं नाही.”

बिल दिल्यावर गप्पा रंगल्या, तर वेटर वाकून हळूच म्हणाला, पुढची मंडळी आलीत, बारमध्ये बसता का? मला राग आला. मामा मुकाट उठले. टॅक्सीत मामी म्हणाल्या, आपल्या लग्नातही पुढची पंगत खुर्चीमागे येऊन उभी राहतेच की. राहते ना. पण तिथे कोणी आधी कार्डाचा नंबर घेतलेला नसतो.