भिंतीला पोट सुटलंय

आमच्या आजोळच्या वाड्याची मागची भिंत मला कळतंय तेव्हापासून बाहेर फुगलेलीच आहे. आज्जी म्हणायची तिला पोट सुटलंय, आम्ही पोरं हसायचो. गेल्या वर्षी मात्र माडीच्या खिडकीपासून खाली मोरीपर्यंत तडे दिसायला लागले, मग मामाने एक ठेकेदार बोलावला, त्याने दहा मिनिटांत निकाल दिला की सिमेंटचं प्लॅस्टर मारा नाहीतर पाडून आरसीसी करा.

नशीब मामीने अडवलं. ओळखीतून एक इंजिनिअर मॅडम आल्या, जुन्या दगडी बांधकामांचंच काम करतात. मला वाटलं मोठं मशीन वगैरे काढतील, तर पिशवीतून निघाली हातोडी आणि ओळंबा! ठोकत ठोकत गेल्या, कुठे टणक आवाज, कुठे बद्द, आणि जिथे बद्द तिथे खडूने गोल. पोटाचा सगळा भाग गोलांनी भरला.

म्हणजे झालंय असं की ही भिंत दोन हात जाड दिसते पण ती एक भिंत नाहीच, बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मधे दगडगोटे-मातीची भर. वरून पाणी मुरलं की माती वाहून खाली बसते, भर थरांना बाहेर रेटते आणि दोन थर एकमेकांपासून सुटतात. त्यांना धरून ठेवायला आरपार जाणारे लांब दगड लागतात, ते आमच्याकडे जवळजवळ नाहीतच. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घरं पडली ती अशाच भिंतींची, वर माळवदाच्या मातीचं ओझं. हे ऐकल्यावर पोटाचं हसू गेलं.

मॅडमचा प्रश्न मात्र वेगळाच, तडा किती मोठा हे सोडा, तो अजून हलतोय का? म्हणून वरच्या आणि खालच्या तड्यावर काचेची एकेक पातळ पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकं पीओपीने चिकटवून, वर मार्करने तारीख. जुलैत खालची तुटली, वरची जशीच्या तशी. वरचा तडा जुना, खालचा जिवंत. खणलं तर मोरीचा पाइप फुटलेला, कित्येक वर्षं भिंतीच्या पायात पाणी!

आणि कमरेएवढं सिमेंट आमच्याच मामाने पूर्वी मारून घेतलेलं, लोणा लागतो म्हणून, म्हणजे ओलीने भिंतीवर पांढरा क्षार फुटतो तो. त्याने ओल बाहेर पडायचीच बंद झाली, मग ती वर चढली आणि लोणा सिमेंटच्या वरच्या कडेने फुटला. मामा त्या दिवशी फार बोलला नाही.

दिवाळीनंतर काम काढलं. आधी पाइप, मग सिमेंट छिनीने हळूहळू उतरवलं, ठरावीक अंतरावर आरपार दगड घातले, मग भोकांत नळ्या बसवून चुना-सुरखीचं (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) पातळ ग्राउट, म्हणजे आतली पोकळी भरायचं मिश्रण, कमी दाबाने सोडलं, तेही खालून वर, कारण वरून ओतलं की हवा अडकून आत पोकळी राहते. वरच्या नळीतून चुना बाहेर आला की खालची बंद. गवंडीदादांना त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचंच होतं, मॅडम म्हणाल्या गिलाव्यात बघू, इथे अंदाजपंचे काही नको. दादा दोन दिवस घुश्शात.

पोट आहे तसंच आहे बरं का, आत ढकलायचं नसतं म्हणे. आता नवीन काच लावलीय आणि मामा रोज सकाळी दात घासत टॉर्च घेऊन बघायला जातो, मामी म्हणते स्वतःचा शुगरचा रिपोर्ट कधी एवढा निरखून बघितला नाही.